चढली की चढवली?



मागच्या महिन्यात ध्वनिमुद्रणासाठी आम्ही एका वाडीवर गेलो होतो. बचत गटाची बैठक संपली, हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि चहा होईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. तेव्हा एका ताईंनी हळूच विषय काढला. त्यांची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते, एनसीसीत आहे. तिला उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला जायचंय. त्यावरून घरात दोन आठवडे धुसफूस चालली होती. वडील म्हणतात, पैसे कुठून आणायचे? आजी म्हणते, पोरीच्या जातीला हे उद्योग कशाला? ताईंचं स्वतःचं म्हणणं मात्र तिसरंच होतं. त्या म्हणाल्या, "डोंगर तर आम्ही रोज चढतो. डोक्यावर मोळी घेऊन उतरतो. ते आम्हाला कुणी शिकवलं नाही, त्याचा दाखलाही कुणी दिला नाही. मग हे गिर्यारोहण म्हणजे असं निराळं काय आहे?"

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. चहा प्यालो आणि परत आलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. महिनाभर मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शब्द निवडून घेऊ, सुपातले तांदूळ निवडतो तसे. कारण पेपरात, टीव्हीवर सगळं एकत्र मिसळून येतं. कुणी किल्ल्यावर जाऊन आलं तरी गिर्यारोहक, कुणी एव्हरेस्टवर गेलं तरी गिर्यारोहक.

सकाळी निघायचं, मळलेल्या वाटेने डोंगर चढायचा, भाकरी खायची आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतायचं. याला शहरातली माणसं हायकिंग म्हणतात. आपण त्याला काहीच म्हणत नाही, कारण आपल्याला ते रोजचंच आहे. कळसूबाईचं घ्या. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, उंची १,६४६ मीटर. बारी गावातून वाट आहे. कड्याच्या जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा वर जातात.

तीच चाल चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस चालली, पाठीवर बिऱ्हाड घेतलं, मुक्काम करत करत पुढे गेलं की झाला ट्रेक. या शब्दाची गंमत ऐका. तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या बोलीतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ बैलगाड्या जुंपून, भांडीकुंडी, पोरंबाळं घेऊन लांबच्या मुलखाला निघणं. आपल्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात ना, तसं. आणि आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारी आपली वारी? ती तर शेकडो वर्षांची आहे. पुढे नेपाळात १९६० नंतरच्या दशकात जिमी रॉबर्ट्स नावाच्या निवृत्त फौजी अधिकाऱ्याने पैसे घेऊन लोकांना हिमालयात चालायला नेण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा त्याच्या पहिल्या तुकडीत तीन बायका होत्या. म्हणजे हिमालयातल्या ट्रेकच्या धंद्याची भवानी बायकांनी केली म्हणायची.

प्रस्तरारोहण हे वेगळं. इथे वाट नाहीच. समोर सरळ कातळ आणि चार आधार: दोन हात, दोन पाय. त्यातला एकच हलवायचा, तीन रोवलेले ठेवायचे. कमरेला दोर असतो. पण तो दोर आपल्याला वर ओढायला नसतो, हे नीट लक्षात घ्या. चढायचं आपल्याच बळावर. पडलो तर झेलायला दोर. आणि त्या दोराचं दुसरं टोक एका साथीदाराच्या हातात असतं. चढणारी जेवढी वर जाते तेवढाच दोर तो सोडतो. आड ओढताना राट सांभाळणारी जशी डोळ्यात तेल घालून उभी असते, तसं ते काम. आपल्याकडे रायगडाशेजारचा लिंगाणा, खंडाळ्याजवळची नागफणी ही अशा चढाईची नावाजलेली ठिकाणं.

आता कातळ म्हटल्यावर हिरकणी आठवल्याशिवाय राहते का? रायगडाच्या पायथ्याची गवळण. दूध घालायला गडावर गेली, सांज झाली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. ती काळोखात कडा उतरून गेली आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधवला, अशी आख्यायिका पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. बुरूज आजही आहे, हिरकणीच्याच नावाचा. आम्ही एका प्रस्तरारोहण शिकवणाऱ्याला विचारलं, यात सगळ्यात अवघड काय? तो म्हणाला, उतरणं. चढताना हाताची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय कुठे टेकायचा ते दिसत नाही, चाचपत जावं लागतं. गोष्ट ऐकताना आमचं लक्ष नेहमी त्या बाळाकडे असायचं. कड्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

आणि गिर्यारोहण? त्यात वरचं सगळं येतं. चालणं येतं, मुक्काम येतात, कातळ येतो. त्यावर आणखी तीन गोष्टी. एक बर्फ. बुटाच्या तळाला लोखंडी दात बांधायचे, हातात बर्फाची कुऱ्हाड घ्यायची आणि एकमेकींना दोराने बांधून चालायचं, कारण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात. दुसरी हवा. जसजसं वर जावं तसतशी ती विरळ होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण एक तृतीयांश असतो. डोकं ठणकतं, उलट्या होतात, अन्न नकोसं वाटतं, कधी फुप्फुसात पाणी होतं. म्हणून थोडं वर चढायचं, झोपायला खाली यायचं, परत वर जायचं, असं करत शरीराला सवय लावतात. फारच त्रास झाला तर खरं औषध एकच, लगेच खाली उतरणं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. वादळ कधी येईल, ऊन पडल्यावर बर्फ कधी सुटेल, किती वाजता माघारी फिरायचं, हा हिशोब. हे तिन्ही आपल्या डोंगरात नाही. म्हणून ताईंचं म्हणणं निम्मं खरं. पाय, दम आणि ओझ्याची सवय त्यांच्याजवळ आहे. बर्फाचं आणि विरळ हवेचं ज्ञान मात्र शिकूनच घ्यावं लागतं.

पण दाखल्याचं काय? कुणाचं चढणं मोजलं जातं आणि कुणाचं नाही? त्यासाठी आपल्याला दोनशे वर्षं मागे आणि पार फ्रान्सपर्यंत जावं लागेल.

फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर माँ ब्लाँ नावाचा डोंगर आहे. माँ ब्लाँ म्हणजे पांढरा डोंगर. उंची सुमारे ४,८०० मीटर, कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. पायथ्याला शामोनी हे गाव. जिनिव्हा शहरातल्या एका श्रीमंत शास्त्रज्ञाने, सोस्यूर त्याचं नाव, या डोंगरावर वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. १७८६ साली गावातला डॉक्टर पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधून विकणारा बाल्मा हे दोघे माथ्यावर पोचले. गिर्यारोहणाचा इतिहास सांगणारे बरेच जण तिथून सुरुवात करतात. त्याआधी डोंगरात माणसं जात नव्हती असं नाही. गुरं घेऊन, शिकारीला, स्फटिक शोधायला जातच होती. पण माथा गाठायचा म्हणून माथा गाठायचा, हे खूळ तेव्हाचं.

याच शामोनीत मारी पारादी नावाची एक गरीब मोलकरीण होती. १८०८ सालची गोष्ट. गावातल्या वाटाड्यांनी, त्यात तो बाल्माही होता, तिला गळ घातली. त्यांचं म्हणणं असं की तू वर चल, मग परगावचे लोक तुला बघायला येतील आणि चार पैसे देतील. मारी निघाली. वर तिचे फार हाल झाले. दम लागला, पाय चालेनात. मला या भेगेत टाका आणि तुम्ही तुमच्या वाटेने जा, असं ती त्यांना म्हणाली म्हणतात. शेवटी वाटाड्यांनी तिला ओढत, ढकलत, उचलत माथ्यावर नेलं. १४ जुलै १८०८. माँ ब्लाँवर पाऊल ठेवणारी पहिली बाई.

खाली आल्यावर वाटाड्यांचा शब्द खरा ठरला. माणसं येऊ लागली. मारीने वाटसरूंना खायला-प्यायला द्यायला सुरुवात केली आणि त्यावर तिचं पोट चाललं. लोक तिला माँ ब्लाँची मारी म्हणू लागले.

तीस वर्षांनी, १८३८ साली, शामोनीत एक दुसरी बाई आली. आँरिएत दांजव्हिल. मोठ्या घराण्यातली, वय ४४, लग्न न केलेली. ही स्वतःच्या हौसेने आली होती. तिने खास कपडे शिवून घेतले, आतून लोकरी विजार आणि वरून झगा. सहा वाटाडे घेतले, सहा हमाल घेतले. शिधा किती होता म्हणाल तर मटणाच्या तंगड्या, दोन डझन भाजलेल्या कोंबड्या आणि दारूच्या बाटल्या. आमच्यातली एक जण म्हणाली, हे चढायला निघाले होते की बारशाला! पण बाई हिमतीची होती. तिलाही वर फार त्रास झाला. आपण मेलो तर आपलं प्रेत माथ्यावर नेऊन ठेवा, असं तिने वाटाड्यांकडून कबूल करून घेतलं होतं. ती आपल्या पायांनी वर पोचली. तिथे पत्रं लिहिली, कबुतर सोडलं. वाटाड्यांनी तिला खांद्यावर उचलून धरलं, म्हणजे ती डोंगरापेक्षाही उंच झाली. आणि खाली आल्यावर तिने सांगितलं की मारीला तर ओढत, फरफटत नेलं होतं; खऱ्या अर्थाने चढणारी पहिली बाई मीच.

चढली की चढवली? हा वाद तेव्हापासून चालू आहे. कुणी मारीचं नाव पहिलं लिहितात, कुणी आँरिएतचं.

आमच्यातही यावर भांडण झालं. एक बाजू म्हणाली, आँरिएतचंच खरं. ओढून नेलेल्याला चढणं कसं म्हणायचं? दुसरी बाजू म्हणाली, बरं, मग आँरिएतच्या कोंबड्या वर कुणी नेल्या? त्या सहा हमालांची नावं कुठे आहेत? शेवटी आम्ही एवढ्यावर थांबलो की मारीने शिक्षण नाही, कपडे नाहीत, सराव नाही, अशा स्थितीत चार पैशांसाठी जीव पणाला लावला. ती गरज होती आणि दुसरीची हौस होती. दोन्ही खऱ्या. एक गोष्ट मात्र आँरिएतच्या बाजूने सांगितली पाहिजे. खाली आल्यावर झालेल्या मेजवानीला तिने म्हाताऱ्या मारीला बोलावलं होतं. त्या जेवणात दोघी काय बोलल्या असतील, ते ऐकायला आम्ही आमचा रेकॉर्डर घेऊन शंभर मैल चालत गेलो असतो. पुढच्याच वर्षी मारी वारली.

त्यानंतर श्रीमंत घरांतल्या बायका आल्प्समध्ये येऊ लागल्या. लूसी वॉकर ही इंग्लंडची. सांधे दुखतात म्हणून डॉक्टरने चालायला सांगितलं आणि ही बाई चालत चालत शिखरांवरच गेली. मॅटरहॉर्न नावाचं सुळक्यासारखं शिखर आहे. १८६५ साली सात पुरुष त्यावर पहिल्यांदा पोचले आणि उतरताना त्यातले चार पडून मेले. दोर तुटला. सहा वर्षांनी, २२ जुलै १८७१ रोजी, लूसी वॉकर घोळदार झगा घालून त्याच शिखरावर गेली आणि नीट खाली आली. त्याच उन्हाळ्यात मेटा ब्रेव्हूर्ट नावाची अमेरिकन बाईही त्याच शिखरावर डोळा ठेवून होती. थोडक्यात हुकलं. पण मेटाची एक वेगळी गोष्ट आम्हाला जास्त लागली. तिने एका अवघड चढाईचं वर्णन लिहिलं आणि ते छापून आलं भाच्याच्या नावाने, कारण त्या नियतकालिकात बाईच्या नावाने लेख छापायची रीत नव्हती. राबायचं आपण आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे तिकडेही होतं तर.

लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ साली निघाला. बायकांना तिथे प्रवेश नव्हता, म्हणून १९०७ साली बायकांनी आपला वेगळा क्लब काढला. पुरुषांच्या क्लबाने दार उघडलं ते १९७४ साली. म्हणजे आमच्यातल्या काही जणी तेव्हा शाळेत जात होत्या.

आता आपल्या जवळची, मनाला भिडणारी गोष्ट. जुन्को ताबेई. जपानच्या फुकुशिमा भागातल्या एका लहान गावात १९३९ साली जन्म. उंची जेमतेम पाच फूट. कॉलेजनंतर ती गिर्यारोहणाच्या क्लबांत जायला लागली, तर काही पुरुष तिच्यासोबत चढायला नकार देत. काही म्हणत, ही नवरा शोधायला आलीय. नवरा तिला मिळाला खरा आणि तोही गिर्यारोहकच मिळाला. १९६९ साली तिने फक्त बायकांचा क्लब काढला. बाहेरदेशी मोहिमेला आपल्या आपण जायचं, हेच त्यांचं ठरलेलं. पुढच्याच वर्षी त्या अन्नपूर्णा तीन या शिखरावर गेल्या आणि मग एव्हरेस्टची परवानगी मागितली.

पैसे जमवताना त्यांना काय काय ऐकावं लागलं! घरी बसा, पोरं सांभाळा. ताबेईची मुलगी तेव्हा लहान होती, मोहिमेच्या वेळी तीन वर्षांची. ताबेई पियानोच्या शिकवण्या घेई. बायकांनी गाडीच्या सीटची जुनी कव्हरं कापून हातमोजे आणि पिशव्या शिवल्या. पिसं आणून झोपायच्या पिशव्या घरी तयार केल्या. शाळेतल्या मुलांनी डब्यातली उरलेली जॅमची पाकिटं आणून दिली. अखेर एका वर्तमानपत्राने आणि दूरदर्शन कंपनीने मदत केली, तरी प्रत्येकीला पदरचे पैसे घालावेच लागले. हे सगळं वाचताना आम्हाला आपल्या गटांचा पहिला पापड उद्योग आठवला.

१९७५ साली पंधरा बायका आणि शेर्पा साथीदार एव्हरेस्टच्या वाटेला लागले. ४ मेच्या रात्री सुमारे ६,३०० मीटरवर त्यांच्या तंबूवर बर्फाचा कडा कोसळला. ताबेई गाडली गेली. शेर्पांनी तिला पाय धरून बाहेर ओढलं. काही मिनिटं ती बेशुद्ध होती. दोन दिवस धड चालता येत नव्हतं. तरी ती खाली गेली नाही. दोघींनी माथ्यावर जायचं ठरलं होतं, पण दोघींना पुरेल एवढा प्राणवायू वर नेणं जमेना. एकीलाच पाठवायचं ठरलं आणि ती ताबेई. सोबत आंग त्सेरिंग शेर्पा.

माथ्याच्या जवळ एक जागा अशी आली की जिच्याबद्दल तिने कुठेच वाचलं नव्हतं. सुरीच्या पात्यासारखी बर्फाची धार. तिला ती आडवी होऊन, सरपटत पार करावी लागली, अर्धं अंग चीनच्या बाजूला आणि अर्धं नेपाळच्या. आधी जाऊन आलेल्यांनी हे लिहून का ठेवलं नाही, म्हणून तिला फार राग आला होता. १६ मे १९७५ रोजी ती एव्हरेस्टवर पोचली, जगातली पहिली बाई. नंतर ती सांगत असे की मला पहिली बाई म्हणून नको, एव्हरेस्ट चढलेली छत्तिसावी व्यक्ती म्हणून लक्षात ठेवा. आणि अकराच दिवसांनी तिबेटच्या बाजूने फांतोग नावाची दुसरी बाई वर पोचली. तिला तीन मुलं होती.

आपल्या देशातल्या बचेंद्री पाल तुम्हाला ठाऊक असतील. उत्तरकाशी जिल्ह्यातलं नाकुरी हे त्यांचं गाव, जन्म १९५४. शिवणकाम करून शिक्षणाचा खर्च काढला, एम.ए., बी.एड. केलं, पण मनासारखी नोकरी मिळेना. तेव्हा त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत नाव घातलं. ही संस्था १९६५ सालची. घरच्यांना आणि गावाला ते रुचलं नव्हतं. १९८४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ल्होत्सेच्या उतारावर तंबूवर बर्फ कोसळला. एका साथीदाराने चाकूने तंबू फाडून त्यांना बाहेर काढलं. डोक्याला मागून मार लागला होता. बरेच जण जखमी होऊन खाली गेले. त्या थांबल्या. २३ मे १९८४ रोजी दुपारी १ वाजून ७ मिनिटांनी आंग दोरजे यांच्यासह त्या माथ्यावर होत्या. तिथे बर्फात त्यांनी दुर्गामातेची तसबीर आणि हनुमानचालिसा लाल फडक्यात गुंडाळून पुरली. दुसऱ्या दिवशी त्यांना तीस वर्षं पूर्ण झाली. पुढे १९९३ साली फक्त बायकांची भारत-नेपाळ मोहीम त्यांनीच नेली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, सगळ्या पोचल्या आणि सगळ्या सुखरूप परत आल्या. तसं सांगितलं तर आम्ही त्या ताईंना फसवल्यासारखं होईल. १९९३ सालीच पासांग ल्हामू शेर्पा ही एव्हरेस्ट चढणारी पहिली नेपाळी बाई ठरली आणि उतरताना वरच मरण पावली. तीन मुलांची आई. आणि त्याआधी, ऑगस्ट १९७४ मध्ये, सोव्हिएत देशातल्या लेनिन शिखरावर, ७,१३४ मीटर उंचीचं ते, आठ बायकांची तुकडी गेली होती. माथा गाठला. नंतर वादळ आलं. वाऱ्याने तंबू मोडले. काही जणी आजारी पडल्या. खालच्या छावणीशी बिनतारी यंत्रावर बोलणं चालू होतं. आजाऱ्यांना सोडून खाली या असं सांगितलं गेलं, पण तुकडीची प्रमुख एल्व्हिरा शाताएवा साथीदारणींना सोडायला तयार नव्हती. एकेक जण गेल्याचं ती खाली सांगत राहिली. मग यंत्र शांत झालं. आठही जणी गेल्या. आम्ही रेडिओवाल्या आहोत. समोरचा माणूस बोलायचा थांबला तर खोलीत कशी शांतता पडते, ते आम्हाला माहीत आहे. हे वाचलं त्या दिवशी आम्ही पुढचं काम बंद ठेवलं.

आता घरच्या अंगणात येऊ. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर गेली आणि २०२२ पर्यंत आठ हजार मीटरवरची पाच शिखरं तिने केली. असं करणारी ती पहिली भारतीय बाई. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, त्यात एक मुलगी होती. ही मुलं रानात, डोंगरात वाढलेली. ओझ्याची आणि चालण्याची सवय अंगात होती. वर्षभराच्या शिक्षणाने बर्फाचं ज्ञान त्यावर चढलं.

तर पुन्हा त्या ताईंकडे. मागच्या आठवड्यात आम्ही परत त्या वाडीवर गेलो, हे सगळं सांगितलं, आठ जणींचीही गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही. आजीबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. हेही सांगितलं की उत्तरकाशीचा प्राथमिक वर्ग म्हणजे एव्हरेस्ट नव्हे. सुमारे चार आठवडे दोर बांधायला, कातळावर चढायला-उतरायला, बर्फावर चालायला आणि घसरलं तर कुऱ्हाड रोवून थांबायला शिकवतात. वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय घेत नाहीत. वडिलांनी पैशांचं विचारलं. गटातल्या एकीने अंतर्गत कर्जाचं काढलं, दुसरीने एनसीसीतून काही मिळतं का बघा म्हटलं, आणि त्यावर बराच वेळ हिशोब चालला.

आजीबाई मध्येच बोलल्या. त्या तरुणपणी दर नवरात्रात कळसूबाईला जायच्या. शिड्या नव्हत्या त्या कड्यावर तेव्हा, साखळी धरून चढायच्या. मागच्या वर्षी आम्हीही गटाच्या सहलीबरोबर गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या शिडीवर आमच्यातल्या एका वहिनींचे पाय लटपटले आणि त्या अर्ध्यात थिजून उभ्या राहिल्या. मागे रांग लागली. तेव्हा वरून लिंबूसरबत विकणारी एक बाई तरातरा खाली आली, त्यांचा हात धरला, पाय कुठे ठेवायचा ते एकेक पायरी सांगत वर नेलं आणि परत आपल्या टोपलीपाशी जाऊन बसली. ती दिवसातून एकदा, कधी दोनदा ती टोपली डोक्यावर घेऊन शिड्या चढते. नाव विचारायचं राहून गेलं. मारी पारादीबद्दल वाचताना आम्हाला तीच डोळ्यांसमोर येत होती.

आजीबाईंनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर नेलं, मग उतरवलं कुणी?"

आम्ही सांगितलं, त्याच बाईने.

"मग पोरीला आधी उतरायचं शिकवतात का, ते विचारा," त्या म्हणाल्या.

मुलीने अर्ज भरला आहे. वैद्यकीय दाखला बाकी आहे, सोमवारी तालुक्याला जायचं आहे.